मैनाची पाठ का लागली: घोडबंदरच्या एका तबेल्यातलं प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घोडे सांभाळणाऱ्या आमच्या सईसमामांनी मला तबेल्याच्या दारातच थांबवलं. "ताई, मैना जीन बघून नाही, कापड बघून कान पाडते. तुम्ही स्वतः बघा." जिनाखाली घालायचं चौकोनी पॅड त्यांच्या खांद्यावर होतं, ते त्यांनी तिच्यासमोर धरलं. मैनाने कान मागे चिकटवले, मान वळवली आणि त्यांच्या कोपराकडे दात काढले. पॅड बाजूला ठेवून मामा नुसतं जीन घेऊन पुढे गेले, तर घोडी शांतपणे गवत चघळत राहिली.

त्या दिवशी मी ही गोष्ट मनावर घेतली नाही. पावसाने घोडी कंटाळली असेल, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले. तिची पाठ लागली, म्हणजे जिनाखाली जखम झाली, ती त्यानंतर चार दिवसांनी. ते चार दिवस मला अजून बोचतात, म्हणूनच हे सगळं प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं. ठाणे-मुंबईकडे हल्ली बरीच मुलं घोडेस्वारी शिकायला येतात. जीन कोणतं, बूट कोणते, हेल्मेट कोणतं यावर पालक तासभर बोलतात. जिनाखालच्या कापडाबद्दल मात्र रंगापलीकडे कोणी काही विचारत नाही.

घोडी आणि जागा

आमचा तबेला घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. अरबी घोडे इथल्या बंदरात उतरायचे म्हणून गावाला हे नाव पडलं, असं सांगतात. आता रस्त्यावर ट्रक आणि मेट्रोचे खांब, मागे येऊरचे डोंगर आणि मध्ये पत्र्याच्या छपराखाली आमची सात जनावरं. त्यातली मैना ही कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची थरोब्रेड घोडी. आधी शर्यतीत पळायची, तिथून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. स्वभावाने गरीब, म्हणून शनिवार-रविवारी लहान मुलं तिच्यावरच बसायची.

थरोब्रेडच्या पाठीची एक ठेवण असते. मान संपते तिथे खांद्यांवर जो उंचवटा असतो, ज्याला आम्ही सगळे 'विदर्स'च म्हणतो, तो या जातीत उंच आणि निमुळता असतो. वर मांस जवळपास नाहीच, कातडीखाली लगेच हाड. आधार मिळतो तो दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा. ते भरलेले असले की जीन नीट बसतं. जूनपासून आमच्या वाळूच्या रिंगणात पाणी साचलं आणि मैनाचं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. काही आठवड्यांतच तिच्या खांद्यामागचे स्नायू उतरले, दोन्ही बाजूंना खळगे दिसू लागले. हिवाळ्यात तिला बरोबर बसणारं जीन आता पुढून खाली बसायला लागलं.

हे मला दिसलं होतं. त्यावर मी जो उपाय केला, तोच या प्रकरणाचं मूळ आहे.

थरावर थर

जीन खाली बसतंय म्हटल्यावर मी जाड पॅड मागवलं. रजई-शिलाईचं, आत फोम, वर सुती कापड, कडेला पट्टी. आठवडाभर बरं वाटलं. मग मैना तंग, म्हणजे जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना शेपटी झटकू लागली, म्हणून त्यावर जेलचं अर्धं पॅड घातलं. तरी ती पाठ वाकडी करून चालायला लागली, तेव्हा एका शिकवणाऱ्या मुलाने मधे घडी घातलेलं ब्लँकेटही सरकवलं. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच होता: तिला मऊ लागावं.

आधीच घट्ट असलेल्या बुटात आणखी एक मोजा घातला तर पायाचं जे होतं, तेच इथे झालं. जिनाच्या खाली दोन लांबट गाद्या असतात आणि त्यांच्यामध्ये पन्हळीसारखी मोकळी जागा असते. स्वाराचं वजन त्या दोन गाद्यांमधून कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर उतरावं आणि कण्याच्या वर हवा खेळावी, अशी ही रचना. कापड घालताना ते विदर्सवरून वर उचलून जिनाच्या पन्हळीत खेचून घ्यायचं असतं, म्हणजे उंचवट्यावर तंबूसारखी पोकळी राहते. आमच्याकडे तीन थर झाल्यावर पन्हळ कापडानेच बुजली. वर खेचायला जागाच उरली नाही. तंग आवळला की ते सगळं कापड हाडावर ताठ बसायचं. वजन जिनाचं, पण दाबत होतं कापड.

मराठीत या चुकीला शब्द आधीपासून आहे. निरुपयोगी भर घातली की आपण 'खोगीरभरती' म्हणतो. आम्ही ती अक्षरशः करत होतो. आणि 'खोगीर' हा शब्दही मुळात जिनाचा नाही. फारसीत 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम टिपायला जिनाखाली घातलेली जाड घडी, तो खोगीर. पुढे आपल्याकडे ते नाव सगळ्या जिनालाच चिकटलं. इंग्रजी दुकानांत आकारात कापलेल्या पॅडला 'नम्ना' म्हणतात, तो तर आपला नमदा, दाबलेल्या लोकरीचा. मामा शहाद्याकडचे, लहानपणापासून सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वावरलेले. मी पहिल्यांदा 'नम्ना आणा' म्हटलं तेव्हा क्षणभरही न थांबता ते म्हणाले, "नमदा का? एकच घाला ताई, आणि कोरडा घाला." त्यांनी हे मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

जखम

सोमवारी सकाळी खरारा करताना मामांच्या हाताला विदर्सच्या डाव्या बाजूला गरम, मऊसर सूज लागली. रुपयाच्या नाण्याएवढी. तिथले केस घासून गेलेले, मधोमध कातडी ओली आणि गुलाबी. उजव्या बाजूला सूज नव्हती, पण बोट ठेवलं की घोडी पाठ खाली घ्यायची. रविवारी संध्याकाळी यातलं काहीच नव्हतं. दाबाने होणाऱ्या जखमेचा हाच धोका. कातडी आणि हाड यांच्यामध्ये रक्त पोहोचवणाऱ्या बारीक नळ्या दाबल्या जातात, आतली जागा आधी बिघडते आणि वर दिसायला वेळ लागतो. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

डॉक्टर आले. त्यांनी जखमेआधी जीन मागितलं, मग पॅड मागितलं आणि सगळं एकेक करून घोडीवर ठेवायला लावलं. जीन एकटं ठेवलं तेव्हा पन्हळीत त्यांची दोन बोटं जात होती. एक पॅड घातल्यावर एक बोट. तिन्ही थर घातल्यावर बोट जाईना. मग त्यांनी जखमेची जागा खडूने पॅडवर उतरवून घेतली. खूण पडली ती जिनाच्या गादीखाली नव्हे, तर पॅडच्या पुढच्या कडेच्या शिवणपट्टीवर, अगदी बरोबर.

ती पट्टी आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. पॅड नवं असताना पुढची कड सरळ होती. महिनाभर मशीनमध्ये गरम पाण्यात धुतल्यावर सुती पट्टी आटली, आतला फोम मात्र आटला नाही. त्यामुळे कड चुणीदार झाली आणि दोरी ओवलेल्या पिशवीसारखी आत ओढली गेली. विदर्सवर आडवी बसायची ती हीच आटलेली, करंगळीएवढ्या जाडीची वळकटी. मैना कापड बघून कान का पाडत होती, ते त्या क्षणी मला कळलं.

पांढऱ्या मलमलीची चाचणी

जखम भरायला तीन आठवडे जीन बंद, असं ठरलं. डॉक्टरांनी मलम दिलं, रोज मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितलं. त्या काळात मैनाला हाताने चढावर चालवायचं, लांब दोरीवर गोल फिरवायचं, म्हणजे ओझ्याशिवाय पाठीचे स्नायू परत येतील. ते काम मामांनी केलं, पावसात, रोज पाऊण तास. मोकळ्या वेळात मी बाकीच्या सहा घोड्यांवर एक चाचणी करून घेतली. ही चाचणी ज्यांच्याकडे घोडा आहे त्या प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं.

जांभळी नाक्यावरून पांढरी मलमल आणली आणि जिनाच्या आकारापेक्षा मोठे तुकडे कापले. घोड्याच्या स्वच्छ पाठीवर आधी मलमल, मग नेहमीचं कापड, मग जीन. वीस मिनिटं चालणं, दुडकी आणि थोडा कँटर, म्हणजे हळू दौड. मग सगळं अलगद उचलायचं आणि मलमल उन्हाला, म्हणजे आमच्या नशिबी ट्यूबलाइटला, धरायची. घाम आणि मळ मिळून त्यावर पाठीचा नकाशा उठतो. चांगल्या नकाशात दोन रुंद, सारख्या करड्या पट्ट्या दिसतात आणि मध्ये कण्याच्या रेषेला कापड पांढरं राहतं.

आमच्या सहापैकी चार नकाशे ठीक होते. एका काठियावाडी घोड्याच्या मलमलीवर खांद्यामागे दोन कोरडे गोल दिसले, भोवती सगळं ओलं. कोरडा डाग फसवा असतो. दाब इतका असेल की तिथून घामच बाहेर पडत नाही, तरी डाग कोरडा राहतो. आणि जीन तिथे टेकतच नसेल, तरीही कोरडाच राहतो. नुसत्या डागावरून निकाल देऊ नये. जीन ठेवून, तंग न आवळता, त्या जागी हात सपाट सरकवून बघायचा. आमचा हात अडकला, म्हणजे दाब होता. मैनाच्या बाबतीत मात्र मलमलीचा तुकडा जुनाच सापडला. जूनमध्ये कुणीतरी पॅडखाली पांढरं उपरणं घातलं होतं, ते धुवायचं राहून गेलं होतं. त्यावर विदर्सच्या जागी एक बारीक काळपट आडवी रेघ होती. म्हणजे पट्टीचा त्रास जुलैत सुरू झालेला नव्हता. जुलैत तो फक्त उघड झाला.

धुण्याची गोष्ट

डॉक्टरांनी जाताना विचारलं होतं, "पॅड धुता कसं?" मी अभिमानाने सांगितलं, रोज, मशीनमध्ये, चांगली पावडर घालून. ते म्हणाले, धुतलेलं एक पॅड बादलीभर साध्या पाण्यात बुडवा आणि पिळा.

बुडवलं. बादलीत फेस आला.

इथे मामांनी एक रास्त शंका काढली. घोड्याच्या घामालाच फेस येतो, पळून आलेल्या घोड्याच्या मानेवर, मांड्यांमध्ये तो साबणासारखा दिसतो. ते खरं आहे. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे घाम तेलकट केसांतून वर येऊन पसरतो आणि फेसाळतो. माणसाच्या घामात हे नसतं. पण हा फेस धुतलेल्या, वाळलेल्या पॅडचा होता, आणि वासही पावडरीचाच. आत जाड फोम असल्यामुळे साबण निघतच नव्हता. पुढच्या दिवशी घोडीला घाम आला की तो साबण विरघळून कातडीवर उतरायचा, वर दाब आणि घर्षण. कातडी अशी रोज भिजत राहिली तर थोड्या घासण्यानेही फाटते.

दुसरी अडचण वाळण्याची. ठाण्याच्या पावसात जाड पॅड दोन दिवसांतही आतून कोरडं होत नाही, आणि आमच्याकडे सात घोड्यांत मिळून नऊ पॅड होती, ज्याला जे हाताला लागेल ते. व्हायचं ते झालं. ऑगस्टच्या सुरुवातीला दोन घोड्यांच्या अंगावर गजकर्णाचे गोल, खवल्यांचे चट्टे उठले, आणि मैनाच्या तंगाच्या जागीही एक. ही बुरशी कापडातून एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाते, माणसालाही होते. आमच्या एका मुलीच्या दंडावर चट्टा आलाच. तिच्या वडिलांना मी सगळं न लपवता सांगितलं. त्यांच्या "मॅडम, आधी का नाही कळवलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून कापड वाटून वापरणं बंद केलं.

नवं कापड

नवं पॅड विकत घ्यायचं नाही असं ठरवलं, कारण मैनाच्या उंचवट्याला बसेल असं तयार कापड बघण्यात आलं नव्हतं. कळव्यातल्या एका गादीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी आयुष्यात घोड्यासाठी काही शिवलं नव्हतं, पण मी पाठीचा पुठ्ठ्यावर काढलेला आकार दाखवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "शिवण कुठे चालणार नाही ते आधी सांगा." मला इतका बरोबर प्रश्न कोणत्याही दुकानात विचारला गेला नव्हता.

ठरलं ते असं. कापड एका सपाट तुकड्याचं नाही, डावं आणि उजवं असे दोन तुकडे, कण्याच्या रेषेवर जोडलेले आणि पुढे विदर्सच्या चढाप्रमाणे वर वळलेले. म्हणजे ते मुळातच उंचवट्यावर उभं राहतं, खेचून घ्यायला सोपं जातं. जिनाच्या सगळ्या बाजूंनी तीन बोटं बाहेर, कारण कापडाची कड गादीखाली संपली तर ती कडच रुतते. घोडीच्या अंगाला लागणारी बाजू मऊ सुती. मध्ये फोम नाही. त्याऐवजी धनगरी घोंगडीचा एक थर. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही, शिवाय दाबली तरी पुन्हा फुगते. घोंगडी खरखरीत असते, म्हणून ती अंगाला लागू द्यायची नाही.

काका म्हणाले, "उशीला खोळ असते तसं करू. खोळ रोज धुवा, घोंगडी नुसती वाऱ्यावर टाका." कल्पना मला फार आवडली, आणि पहिल्याच दिवशी फसली. अर्ध्या तासात घोंगडी खोळीच्या आत सरकून मागे गोळा झाली. एक वळकटी घालवून दुसरी आणली असती. दुसऱ्या खेपेला काकांनी घोंगडीच्या कडांना चार जागी नाड्या लावल्या, खोळीत त्याच जागी बाहेरच्या किनारीला त्या बांधायच्या. सगळ्या गाठी जिनाच्या बाहेर. ते टिकलं. हातात धरून बघितलं तर हे कापड आमच्या आधीच्या कोणत्याही पॅडपेक्षा पातळ आहे.

जीनही बदललं. तबेल्यातच थोड्या अरुंद सांगाड्याचं दुसरं जीन होतं, ते डॉक्टरांसमोर घालून पाहिलं, बसलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की घोंगडीने घोडी बरी झाली. कापड घाम टिपतं, घर्षण कमी करतं, जीन स्वच्छ ठेवतं. न बसणारं जीन ते बसवू शकत नाही.

शर्यतीच्या कापडाबद्दल थोडं

मैना पळत होती तेव्हा तिच्या पाठीवर याहून खूप कमी असायचं. शर्यतीचं जीन अगदी हलकं असतं, त्याखाली घसरू नये म्हणून पातळ फोम किंवा कातडं, आणि घोड्याचा क्रमांक लिहिलेलं कापड, जे प्रेक्षक लांबून वाचतात. जॉकीचं वजन जिनासकट होतं, आणि ते ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या ठेवायला खिसे असलेलं वेगळं कापड घालतात. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची. ती अडीच मिनिटांच्या आसपास संपते. जॉकी त्या वेळात जिनावर बसतच नाही, रिकिबीत उभा असतो. आमच्याकडे तीच घोडी पाऊण तास, वर लय न सापडलेलं मूल दर पावलाला आपटतंय. तिथे पुरलेलं कापड इथे पुरणार नाही हे खरं, पण यावरून 'मग दुप्पट जाड घाला' हा निष्कर्ष मी काढला होता, आणि तो साफ चुकला.

क्रमांकाची पद्धत मात्र आम्ही शर्यतीवरूनच उचलली. आता प्रत्येक घोड्याची दोन कापडं, मागच्या कोपऱ्यावर लाल धाग्याने एक ते सात असा आकडा शिवलेला. मैनाचा आकडा चार. गार पाण्यात अगदी थोडी पावडर, मग फेस येणं थांबेपर्यंत साधं पाणी. धान्याच्या खोलीत पंख्याखाली दोरी. पाचचं कापड चारच्या पाठीवर दिसलं तर मामा शिकवणाऱ्यालाही सोडत नाहीत.

सप्टेंबरपासून पुढे

गणपतीनंतर मैनावर पुन्हा जीन चढवायचं ठरलं, पण आधी नुसतं कापड. मामांनी कापड तिच्यासमोर धरलं. तिने कान मागे घेतले. दुसऱ्या दिवशीही घेतले. घोडा दुखणं विसरत नाही, म्हणून आम्ही रोज कापड दाखवायचो, पाठीवर ठेवायचो, गाजर द्यायचो आणि काढून घ्यायचो, जीन नाहीच. बाराव्या दिवशी तिने कापड हुंगलं आणि कान जागेवर राहिले. मग जीन चढलं, आधी दहा मिनिटं, स्वाराशिवाय. त्यानंतरची पहिली मलमल मी जपून ठेवली आहे: दोन करड्या पट्ट्या, मध्ये पांढरी वाट, विदर्सवर रेघ नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सातही घोड्यांच्या मलमली काढतो, तारीख लिहून पेटीत ठेवतो. पावसाळ्यात काम कमी झालं की ही चाचणी दर पंधरा दिवसांनी करायची, असं मामांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, कारण पाठ बदलते ती तेव्हाच.

कोजागिरीच्या सुमारास जखमेच्या जागी केस उगवले. पांढरे. केसांच्या मुळाशी रंग देणाऱ्या पेशी एकदा दाबाने मेल्या की तिथे पुन्हा कुमैत रंग येत नाही. एका नव्या मुलीने तो अंगठ्याएवढा ठिपका बघून विचारलं, "ताई, ही हिची जन्मखूण आहे का?" मी तिला सांगितलं की नाही, ही पॅडच्या पट्टीची आहे, आणि ती पट्टी कापून ठेवलेली पेटीतून काढून तिच्या हातात दिली.